लाजतारण

सोन्याला भाव असतो, जमिनीला असतो, इतकंच काय, भंगारालाही असतो. पण माणसाच्या लाजेला भाव येईल आणि तो क्षणोक्षणी मोबाइलवर झळकेल, असं दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. पण आला बुवा भाव! आणि विट्याच्या प्रणोती सुर्वेची लाज तर चांगली चढ्या भावाची निघाली.

प्रणोती पुण्यात वाकडला राहायची आणि मालवाहतुकीच्या एका कंपनीत आकडेवारीचं काम करायची. नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, विट्याच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लावला होता. पदवीचा झगा घातलेली प्रणोती, शेजारी फेटा बांधलेले आण्णा आणि मधोमध पॅकेजचा आकडा, तोही तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा. आण्णांची निम्मी हयात तिकडं तिरुचीत गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्यात गेली होती. भट्टीपुढं भाजून निघालेल्या माणसाला आपल्या पोरीचं यश चौकात टांगावंसं वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

चुकलं ते पुढं. प्रणोतीच्या कंपनीने निम्मं काम यंत्राकडं सोपवलं. निम्मी माणसं घरी गेली आणि उरलेल्यांचा पगार निम्मा झाला. प्रणोती उरलेल्यांत होती, म्हणजे नशीबवानच म्हणायची. पगार उतरला, पण फ्लेक्स काही उतरला नाही. चौकातला केव्हाच निघाला होता हो, पण प्रणोतीच्या डोक्यातला तसाच होता. घरून फोन यायचा. आई बिचकत विचारायची, "स्लॅब टाकायचा म्हणतायत आण्णा. आहेत का गं पैसे?" आणि प्रणोती म्हणायची, "आहेत की!" चुलतभावाच्या लग्नात आहेर भारी करायला हवा. "करू की!" धाकट्या रेवतीच्या होस्टेलची फी. "भरते की, त्यात काय!" या 'की'ने पोरीचा घात केला. ज्या पैशाला ती 'आहेत की' म्हणायची तो तिचा नव्हताच, तो 'शब्दमोल'चा होता.

आता हे 'शब्दमोल' काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी कानातलं एक यंत्र बनवताना काही संशोधकांना एक गंमत सापडली होती. यंत्रात एक बारीक दिवा होता. तो कानाच्या कातडीत प्रकाश सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तिथं रक्त किती खेळतंय ते मोजायचा. माणूस घाबरला की रक्त कातडीतून आत पळतं, म्हणून हात गार पडतात. चिडला की काळीज धाडधाड उडतं. लाजेची चाल मात्र निराळी. चेहरा, मान आणि कानाच्या पाळ्या, एवढ्याच भागातल्या बारीक रक्तवाहिन्या एकदम सैल होतात आणि त्याच वेळी ठोका क्षणभर अडखळतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते डोळ्यांना दिसत नाही, पण प्रकाशाला दिसतं. 'लाजेने कान तापले' असं आपण म्हणत आलो, ते यंत्राने मोजून दाखवलं.

पुढची अक्कल सावकारांची. वसुलीला गुंड पाठवायला कायद्याने बंदी आली होती. कर्जदाराच्या ओळखीपाळखीतल्या सगळ्यांना फोन करून छळायलाही बंदी आली होती. मग शब्दमोलने नवीन तारण काढलं. सोनं नको, जामीनदार नको, फक्त आमचं यंत्र कानात घाला. तुम्ही काय बोलता ते आम्ही ऐकणार नाही, आवाजावरून समोरचा माणूस तेवढा ओळखू आणि कुणाशी बोलताना तुमचा कान तापतो ते बघू. ज्याच्यापुढं तो सगळ्यात जास्त तापतो, तो तुमचा साक्षी. हप्ते थकले तर आम्ही त्या एकाच माणसाला, एकच, अत्यंत सभ्य निरोप पाठवू. बास. साक्षी कोण हे मात्र तुम्हाला सांगणार नाही.

आणि व्याज कसं? तर जितकी लाज जास्त, तितकं व्याज कमी. कोडगे लोक खेटे घालून दमले, त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. भिडस्त, सरळ, शब्दाला जागणारी पोरं मात्र रांगेने आत गेली. लोक त्याला 'लाजतारण' म्हणायला लागले. प्रणोतीच्या तारणाचा भाव शंभरात नव्वदच्या पुढं होता. इतका भाव तिला बारावीलाही मिळाला नव्हता.

त्या शनिवारी सकाळी तिच्या फोनवर सूचना आली. हप्ते थकले होते, मुदत संपली होती आणि सोमवारी सकाळी साक्षीला कळवण्यात येणार होतं.

"दाखव इकडं," हुमेरा म्हणाली. हुमेरा तिची फ्लॅटमधली जोडीदारीण, परभणीची. कानाच्या दवाखान्यात ऑडिओलॉजिस्ट होती, म्हणजे दिवसभर लोकांच्या कानांत डोकावणं हाच तिचा धंदा. प्रणोतीने कर्जाचं पहिल्यांदा तोंडातून काढलं ते हुमेराजवळ, तेही आदल्याच आठवड्यात.

"मी लाजायचंच नाही असं ठरवलं तर?" प्रणोतीने विचारलं.

"ठरवून बघ. नटांना हुकमी रडता येतं, हसता येतं. कान लाल करता येत नाहीत कुणाला, आणि होताना थांबवता तर त्याहून येत नाहीत." हुमेरा पोह्यांचा घास तसाच हातात धरून करार वाचत होती. "अगं, हे कलम वाचलंस का? तारण नष्ट झालं तर कर्ज विनातारण होतं. मग त्यांना साध्या बँकेसारखं वागावं लागतं. तुझा पगार बघून हप्ते बांधून द्यावे लागतात."

"तारण नष्ट कसं होणार? ते काय सोनं आहे मोडायला?"

"सोन्यासारखंच आहे. त्यांनी सांगायच्या आधी तू सांगून टाक. ज्याच्यापुढं लपवायला काही उरलंच नाही, त्याच्यापुढं कान कशाला तापेल? हे कलम लिहिताना त्यांना वाटलं असेल, आपली लाज आपल्या हाताने मोडणारा वेडा कोण भेटणार!" हुमेराने फोन परत दिला. "साक्षी कोण असेल?"

"आण्णा. दुसरं कोण?"

"मग बसलीस काय? ऊठ."

प्रणोती उठली. गेलं वर्षभर ती रोज थोडी थोडी मरत होती, त्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं तिने मनाशी पक्कं केलं. स्वारगेटवरून विजेवरची एसटी पकडली आणि दुपारी विट्यात उतरली.

घरात पाय टाकते न टाकते तोच आण्णा तिला हाताला धरून वर घेऊन गेले. "बघ, बघ तुझा मजला!"

स्लॅब पडला होता. खांबांतून सळया वर आल्या होत्या. कोपऱ्यात पाण्याच्या टाकीवर जुना फ्लेक्स झाकण म्हणून बांधला होता. गावात फ्लेक्स वाया जात नाही, तो शेवटी कशाला तरी झाकायलाच लागतो. ऊन खाऊन प्रणोतीचा चेहरा निळा पडला होता, पण मधला आकडा अजून ठसठशीत होता. ते बघून तिला रडावं की हसावं कळेना.

"आण्णा, मला बोलायचंय."

"बोल की. हिकडं बाल्कनी काढायची का, ते आधी सांग."

"आण्णा, हा मजला कर्जाचा आहे. माझा पगार निम्मा झालाय. वर्ष झालं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

कानातलं यंत्र तापलं की कान, कोण जाणे. आण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग सळयांकडं, मग खाली रस्त्याकडं. आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

"कुणाला ठाव हाय?"

"गावात अजून कुणाला नाही. पण सोमवारी कंपनी कळवणार आहे. बहुतेक तुम्हालाच."

"माझ्याच फोनवर येणार न्हवं?" आण्णांचा जीव चक्क भांड्यात पडला. "मग सोपं हाय. आला की पुसून टाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाल्कनी पुढच्या साली करू."

"आण्णा, निरोप पुसता येईल, व्याज पुसता येत नाही."

"हळू बोल! खाली पवाराची सून उभी हाय."

"उभी राहू दे. मी चोरी केलेली नाही."

"चोरी न्हाय केलीस, पण तोंड काळं केलंस!" आण्णा एवढ्या जोरात ओरडले की पवारांच्या सुनेला कानच द्यावा लागला नाही. मग आपणच ओरडलो हे ध्यानात येऊन आणखी चिडले, चपला पायात सरकवल्या आणि तरातरा चौकाच्या दिशेने निघून गेले. प्रणोतीला वाईट वाटलं, फार वाटलं. पण छातीवरचा धोंडा थोडा सरकला होता हेही खरं.

जिना उतरता उतरता तिने फोन बघितला. आता भाव कोसळला असणार. पण कशाचं काय! भाव दोन-तीन अंकांनी खाली येऊन पुन्हा नव्वदच्या घरातच उभा होता.

म्हणजे साक्षी आण्णा नव्हतेच.

मग आई? प्रणोती स्वयंपाकघरात गेली. आई चुलीवर नव्हे, इंडक्शनवरच, पण जुन्याच लोखंडी तव्यावर भाकरी टाकत होती. प्रणोतीने तिथंच खाली बसून सगळं सांगितलं. आईने भाकरी उलटली, फुगू दिली, मग बोलली.

"मला वाटलंच हुतं."

"काय वाटलं होतं?"

"आधी पैसे मागितले की तू कुरकुर करायचीस. 'बघते', 'पुढच्या महिन्यात' म्हणायचीस. वर्षभर नुसतं 'आहेत की, आहेत की'. ज्याच्याकडं खरंच असतंय ते एवढ्या लवकर हो म्हणत न्हाय." आईने दुसरा गोळा घेतला. "तुझ्या आण्णांचंच रगात. तिरुचीत ह्यांचं दुकान बसलं, तवा हे दुसऱ्याच्या भट्टीवर रोजानं जायचे. आणि मला फोन करून सांगायचे, आपलं दुकान लई जोरात हाय. मी पण 'व्हय का, बरं झालं' म्हणायची."

"तुला माहीत होतं? आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? त्यांना बरं वाटत हुतं."

प्रणोतीला हे नवीन होतं. तिने हळूच फोन काढला. भाव आणखी किंचित उतरला होता, पण किंचितच. आईसुद्धा नाही! आता राहिलं कोण? ऑफिसातला साहेब? मामा? तिने एकेक नाव मनात घेऊन बघितलं. कान गारच होते.

तेवढ्यात दारात स्कूटी वाजली आणि "ताईऽऽ!" अशी हाळी आली.

रेवती. सांगलीला कॉलेजात शिकणारी, प्रणोतीपेक्षा सहा वर्षांनी धाकटी. ताई येणार हे आईने फोनवर सांगितल्याबरोबर होस्टेलवरून निघाली होती. लहानपणापासून हिचा एकच खाक्या. ताईने केस कापले की हिने कापायचे, ताईने शास्त्र शाखा घेतली की हिने घ्यायची. आत येऊन तिने आधी प्रणोतीला मिठी मारली, मग पिशवीतून पेढे काढले.

"कशाचे गं?" आईने विचारलं.

"सांगते ना! ताई, मला पुण्याला यायचंय, तू केलास तोच कोर्स करायला. तुझ्यावर किती दिवस बसायचं? तू आधीच एवढं करतेस. म्हणून मी माझं मी कर्ज काढलंय. शब्दमोलचं! आणि ओळख बघू, व्याज किती लागलं? आमच्या वर्गात सगळ्यात कमी!" रेवतीचे डोळे चमकत होते. केस बाजूला करून तिने कानातलं नवंकोरं यंत्र दाखवलं. "आठवडाभर घालून बघितलं. ते म्हणाले, तुमचं तारण एक नंबर आहे. आज संध्याकाळी नुसता तोंडी होकार द्यायचाय. तू शेजारी बस हं ताई, तुला ह्यातलं सगळं कळतं."

'तुला ह्यातलं सगळं कळतं.' प्रणोतीच्या दोन्ही कानांत निखारे ठेवल्यासारखं झालं. मानेपर्यंत, गालांपर्यंत आग आली आणि काळजाचा ठोका चुकला. खिशातला फोन थरथरला. बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितला. भाव चढून शंभराला टेकला होता.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. लाज मोठ्यांची वाटते असं आपण समजून चालतो. मोठी माणसं काय, रागावतात, ओरडतात आणि चौकात जाऊन बसतात. त्यांनी आपल्याला शेंबडं पाहिलेलं असतं. जी आपल्याला मोठं मानते, आपल्या पावलावर पाऊल टाकून चालते, तिच्यापुढं लहान व्हायचं म्हणजे जीव जातो. सोमवारी निरोप रेवतीला जाणार होता. आणि आज संध्याकाळी रेवती स्वतः त्याच सापळ्यात पाय घालणार होती. तिचा साक्षी कोण असेल, हे सांगायला यंत्राची गरज नव्हती.

प्रणोतीला वाटलं, आत्ता गप्प बसावं. आज हिचा होकार काहीतरी सांगून पुढं ढकलावा, सोमवारपर्यंत कुठून तरी पैसे उभे करावेत. आणखी एक कर्ज. जमलं असतंही. 'करू की' म्हणायला तोंडही उघडलं होतं.

पण तिने ते बंद केलं, एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा उघडलं.

"रेवा, मला ह्यातलं काहीएक कळत नाही. मी त्याच शब्दमोलच्या कर्जात बुडालेय. पगार निम्मा झालाय. मी थकबाकीदार आहे."

रेवती हसली. थट्टाच वाटली तिला. मग तिने आईकडं बघितलं. आई भाकरी थापायची थांबली होती.

"माझी होस्टेलची फी?" रेवतीने विचारलं.

"ती पण कर्जातनंच."

"दिवाळीचा ड्रेस?"

"तो पण."

"मी तुला म्हणाले होते, नको, महाग आहे. तू म्हणालीस, घे की! तू..." रेवतीचा आवाज फाटला. "माझ्या मैत्रिणींना मी सांगत फिरते, माझी ताई, माझी ताई! मी येडीच की मग! तुला मला सांगता आलं नाही? मी काय परकी होते?"

"परकी असतीस तर सांगितलं असतं गं. हुमेराला सांगितलं. तुलाच सांगता येत नव्हतं."

रेवतीने कानातलं यंत्र ओढून काढलं, पेढ्यांच्या पुड्यावर टाकलं आणि जिना चढून वर निघून गेली. वर तिचं रडणं ऐकू येत होतं. प्रणोती पायरीवर बसून राहिली. तिच्या आयुष्यात इतकं लहान तिला कधी वाटलं नव्हतं. पण कान मात्र हळूहळू निवत होते. आतून जी आग वर्षभर पेटलेली होती तिला जळायला काही उरलं नव्हतं. ती तशीच वर गेली, टाकीजवळ रेवतीच्या शेजारी बसली. शेवटी रेवतीने नाक पुसून विचारलं, "एकूण किती आहे?" प्रणोतीने आकडा सांगितला, सगळा, व्याजासकट. सांगताना मान खाली गेली नाही. फोनवरचा भाव धाडकन तिशीत आला होता.

दिवेलागणीच्या सुमाराला शब्दमोलचा फोन आला. आवाज गोड होता. माणसाचा होता की यंत्राचा, देव जाणे. हल्ली ते कळत नाहीच.

"मॅडम, आपल्या तारणात मोठी घट झाल्याचं आमच्या निदर्शनास आलं आहे. आपण ते तारण हेतुपुरस्सर नष्ट केलं का?"

"मोडलं. माझंच होतं ना?"

"अर्थातच. पण करारानुसार आम्हाला पर्यायी साक्षी नेमता येतो. आमच्या नोंदीप्रमाणे आपल्या गावातल्या बऱ्याच व्यक्तींपुढं आपल्याला थोडा थोडा संकोच वाटतो. एकेकट्याचा अंक कमी आहे, पण एकत्र केल्यास समूह-साक्षी म्हणून तो पुरेसा ठरतो. सोमवारी आम्ही त्या सर्वांना कळवू. हे टाळायचं असल्यास दुप्पट हप्ता भरून..."

"कोण कोण आहेत त्या समूहात?"

"ते गोपनीय आहे मॅडम."

"असू दे. मी सगळ्यांनाच धरते," प्रणोती म्हणाली आणि फोन ठेवला.

रेवती ऐकत होती. "सगळ्यांना म्हणजे? घरोघरी जाणार तू?"

"घरोघरी कशाला? आपल्याकडं सगळ्या गावाला एकदम सांगायची पद्धत आहे की." आणि तिने टाकीवर बांधलेल्या फ्लेक्सकडं बोट दाखवलं.

रविवारी सकाळी दुकान उघडताच ती पहिला फ्लेक्स छापणाऱ्या सतीशच्या डिजिटल प्रिंटिंगमध्ये हजर झाली. एकटीच. आण्णा आदल्या संध्याकाळी उशिरा परतले होते आणि पहाटेच कुठंतरी गेले होते. रेवती अंघोळीला गेली होती, तिची वाट बघत बसलं तर धीर सुटेल म्हणून प्रणोती तशीच निघाली. फ्लेक्सवर सरकारने तीनदा बंदी घातली होती आणि तीनदा उठवली होती. कापड आता मातीत विरघळणारं आलं होतं. बाकी फेटे, गॉगल, वाघ सगळं तसंच होतं.

सतीशने तिने लिहून आणलेला मजकूर वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

*जाहीर निवेदन. कु. प्रणोती अशोक सुर्वे हिचा पगार निम्मा झाला असून तिच्या डोक्यावर कर्ज आहे. ते ती स्वतः फेडणार आहे. याबाबत कोणास कंपनीकडून निरोप आल्यास तो शिळा समजावा.*

"ताई, बरं हाय न्हवं?"

"एकदम बरं आहे."

"न्हाय, फ्लेक्स वाढदिवसाचा असतो, निवडीचा असतो, श्रद्धांजलीचा असतो. ह्याचा नमुनाच न्हाय माझ्याकडं."

"मग नवीन नमुना कर. पुढं लागेल लोकांना."

सतीशने डोकं खाजवलं आणि कामाला लागला. तिचा जुना झग्यातला फोटो त्याच्याकडं होताच. मजकूर बसवला, कडेला नक्षी टाकली. मग थांबला.

"खाली शुभेच्छुक कोण टाकू? ती जागा मोकळी राहिली तर फ्लेक्स उघडा वाटतोय बघा."

"मोकळीच राहू दे," प्रणोती म्हणाली. ती पट्टी पडद्यावर पांढरीफेक दिसत होती. संध्याकाळपर्यंत सगळं गाव वाचणार होतं आणि खाली तिच्या बाजूचं म्हणून एकही माणूस असणार नव्हतं. नसू दे. कर्ज तिचं होतं, फेडणार ती होती. तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"छापायला घे," ती म्हणाली.

"ए, थांब! थांबव ते!" आण्णांचा आवाज आला.

दाराशी स्कूटी उभी होती. रेवती चालवत होती आणि तिने चौकात गाठलेले आण्णा मागं बसले होते. आण्णा उतरले, आत आले, प्रणोतीकडं न बघता थेट पडद्यापुढं उभे राहिले आणि ओठ हलवत सबंध मजकूर वाचला. प्रणोतीला वाटलं, आता हे संगणकाची वायरच उपटतात. पोरीला शिव्या देतील, सतीशला दम भरतील आणि वर्षभर परत कुणी काही बोलणार नाही.

"सतीश," आण्णा म्हणाले, "ह्यात माझा फोटो कुठंय?"

"तुमचा? न्हाय, ताई म्हणल्या मोकळं..."

"लेकीचा फ्लेक्स आणि बापाचा फोटो न्हाय? गाव काय म्हणंल?" आण्णांनी पाकिटात जपलेला फेट्यातला फोटो काढला. तोच, जुन्या फ्लेक्सवरचा. तो टेबलावर ठेवला. "काल रातभर झोप न्हाय मला. मी तिरुचीत आठ महिने परक्याच्या भट्टीवर राबलो आणि घरात शेठ म्हणून मिरवलो. माझ्यानं एवढं कधी झालं न्हाय." हे ते सतीशला सांगत होते, की प्रणोतीला, की स्वतःलाच, कुणास ठाऊक. मग एकदम वळले आणि प्रणोतीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाल्कनी गेली खड्ड्यात."

प्रणोती रडली. भर दुकानात, सतीशसमोर, मोठ्याने रडली आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

"माझा पण टाका फोटो," रेवती नाक ओढत म्हणाली. "आण्णांच्या शेजारी, पण मोठा. मी होकार दिला नाही ताई. सरळ बँकेत जाऊ आपण दोघी, माझा खर्च किती, तुझा हप्ता किती, सगळं मांडू, आणि जमेल तेव्हाच पुण्याला येईन."

प्रणोतीच्या खिशात फोन थरथरत होता. भाव पडत असेल नाहीतर गोड आवाजाचा माणूस असेल. तिने कानातलं यंत्र काढून सतीशच्या टेबलावर, कात्रीशेजारी ठेवलं.

आण्णांनी चष्मा लावून पडद्याजवळ तोंड नेलं. "ते 'कर्ज' जरा ठळक कर, लांबनं वाचता आलं पाहिजे. 'स्वतः फेडणार' त्याहून ठळक. आणि ही मधली जागा कशाला सोडलीयास?"

"मागच्या टायमाला आकडा हुता न्हवं तिथं. कर्जाचा आकडा टाकायचा का, विचारणारच हुतो."

"न्हाय," आण्णा म्हणाले. "आकडा टाकला की लोक नाव वाचत न्हाईत. तिथं पोरीचं नाव घे."

सतीशने पडद्यावर बोट टेकवलं, प्रणोतीचं नाव ओढून मधोमध आणलं आणि मोठं केलं.